पूर्ण आकडा

२० मार्च २०२४ ची रात्र. दक्षिण कोरियातल्या सोल शहरात लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकी बेसबॉल संघाने मोसमातला पहिला सामना जिंकला आणि लगेच सगळ्या खेळाडूंची बैठक बोलावली गेली. संघातला सर्वांत महागडा खेळाडू शोहेई ओतानी याचा दुभाषा इप्पेई मिझुहारा बोलायला उभा राहिला. आपल्याला जुगाराचं व्यसन आहे, असं त्याने सर्वांसमोर सांगितलं. सांगितलं ते इंग्रजीत. ओतानी जपानी, त्याचं इंग्रजी जेमतेम, आणि एरवी त्याला इंग्रजी समजावून सांगणारा माणूस नेमका हाच. काहीतरी बिनसलंय एवढंच त्याच्या लक्षात आलं. बाकीचं कळलं ते हॉटेलवर गेल्यावर.

आदल्याच दिवशी याच मिझुहाराने एका क्रीडावाहिनीला मुलाखत देऊन, आपलं कर्ज ओतानीने स्वखुशीने फेडलं, असं सांगितलं होतं. ते खोटं होतं. अमेरिकी तपास यंत्रणांनी नंतर हिशेब मांडला. साधारण दोन वर्षांत सुमारे १९,००० पैजा, म्हणजे दिवसाला सरासरी २५. ओतानीच्या बँक खात्यातून परस्पर उचललेले जवळपास १ कोटी ७० लाख डॉलर. पैसे सुटावेत म्हणून बँकेला फोन करून आपणच ओतानी असल्याची बतावणी. बुकीला पाठवलेल्या संदेशांत ‘ही शेवटचीच उधारी’ अशा अर्थाच्या विनवण्या पुन्हा पुन्हा सापडल्या, एकदा तर आईची शपथ घालून. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला ५७ महिन्यांच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली.

डॉलरच्या जागी रुपये घातले आणि बुकीच्या जागी रमीचं ॲप, तर हीच गोष्ट महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात घडू शकते. घडतेही. तिथे ओतानी नसतो. वडिलांच्या निवृत्तीची ठेव असते, बायकोच्या पाटल्या असतात, भिशीत जमलेले शेजारणींचे पैसे असतात.

अशा घरांत कबुलीचा प्रसंग सहसा ठरवून येत नाही. वसुलीवाल्याचा फोन चुकून वडील उचलतात, किंवा लग्नाला निघताना कपाट उघडलं तर दागिन्यांची डबी रिकामी निघते. मग रडारड, देवघरासमोर शपथ आणि एक आकडा. समजा, साठ हजार. घर हादरतं, पण साठ हजार जमवता येतात. ठेव मोडली जाते, मामा थोडी मदत करतात, ‘झालं ते झालं’ म्हणून विषय मिटतो. खरं कर्ज असतं सहा लाखांचं. उरलेल्या पाच लाख चाळीस हजारांचे हप्ते आणि व्याज चालूच राहतात, आणि ते आता घरी सांगताही येत नाही, कारण नुकतीच शपथ झालेली असते. पगारात ते भागत नाही. झटपट पैसे उभे करण्याची त्या माणसाला एकच वाट ठाऊक असते, आणि त्या वाटेवर तो पुन्हा जातो. घरच्यांच्या लेखी त्याने शपथ मोडली. त्याच्या लेखी तो कर्ज फेडायला निघालेला असतो.

म्हणून ‘मला व्यसन आहे’ हे वाक्य, कितीही रडून म्हटलेलं असलं, तरी त्याने फारसं काही ठरत नाही. कर्जाचा पूर्ण आकडा कागदावर आला की नाही, यावर पुढचं बरंचसं ठरतं.

दारू पिऊन आलेला माणूस जिन्यातच कळतो. जुगाराला वास नाही आणि झोकांडीही नाही. तरीसुद्धा पूर्वीचा जुगार आजच्याइतका अदृश्य नव्हता. साठच्या दशकात मुंबईत फोफावलेला मटका घ्या. न्यू यॉर्कच्या कापूस बाजारातून येणाऱ्या भावांवर पैसे लावण्यातून तो निघाला. ती वाट बंद झाल्यावर कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडे काढण्याच्या आपापल्या पद्धती रुजवल्या, आधी मडक्यातल्या चिठ्ठ्यांनी आणि मग पत्त्यांनी. गिरणगावात तर त्याचं जाळंच होतं. पण मटक्याला ‘ओपन’ आणि ‘क्लोज’च्या ठरलेल्या वेळा होत्या. आकडा लावायला टपरीवर जावं लागे, एजंटाला भेटावं लागे, चिठ्ठी घ्यावी लागे. तिथे रोज कोण उभा असतो हे चाळीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत माहीत असे. बदनामी होती, पण निदान घरच्यांना खबर लागत होती.

मोबाइलने वेळही काढून टाकली आणि टपरीही. बसमध्ये, ऑफिसच्या संडासात, रात्री पांघरुणात, शेजारी बायको झोपलेली असताना डाव चालू राहतो. पैसे यूपीआयने जातात, नोट हातातून सुटत नाही, त्यामुळे खिसा रिकामा होताना जाणवतही नाही. पैसे संपले तर कर्ज देणारं दुसरं ॲप त्याच फोनमध्ये असतं.

ही विवशता मात्र मोबाइलपेक्षा फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं चौतिसावं सूक्त, ज्याला अक्षसूक्त म्हणतात, हे एका जुगाऱ्याचं मनोगतच आहे. फासे बेहड्याच्या बियांचे. आता खेळायचं नाही असा निश्चय तो करतो आणि फाशांचा आवाज कानी पडला की तो निश्चय मोडतो. बायको दुरावली आहे, सासू तिरस्कार करते, आणि कर्जाच्या पायी तो रात्री भीतभीत दुसऱ्यांच्या घराकडे जातो. आजच्या डॉक्टरला त्या लक्षणांत फारशी भर घालावी लागणार नाही.

वैद्यकशास्त्राला इथवर यायला वेळ लागला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, ब्रेक्सव्हिल इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात, डॉ. रॉबर्ट कस्टर यांनी १९७२ मध्ये जुगाऱ्यांना दाखल करून उपचार करायला सुरुवात केली. तोवर हा प्रश्न मुख्यतः पोलीस, धर्मगुरू आणि सासरे यांच्यावर सोडलेला होता. १९८० मध्ये अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत त्याला आजार म्हणून जागा मिळाली, पण ती आवेग न आवरण्याच्या विकारांमध्ये. २०१३ च्या आवृत्तीत तो दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनांशेजारी आणून ठेवला गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणातही तो व्यसनजन्य विकारांतच आहे.

हे बिऱ्हाड हलवण्यामागे मेंदूचा अभ्यास होता. केंब्रिज विद्यापीठातल्या ल्यूक क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की यंत्रावरच्या जुगारात थोडक्यात हुकलं, तर जिंकल्यावर जागे होणारे मेंदूतले काही भाग तेव्हाही जागे होतात. पैसे गेलेले असतात, खेळणाऱ्याला वाईटही वाटत असतं, पण आणखी एकदा खेळावं ही ऊर्मी वाढलेली असते. रमीत एका पत्त्यासाठी डाव अडकला, शेवटच्या चेंडूवर सामना फिरला, मटक्यात ‘जोडी’ एका आकड्याने चुकली, की खेळणारा तेच दिवसभर सांगत बसतो. ऐकणाऱ्याला ती हार वाटते. खेळणाऱ्याच्या हिशेबी ती जवळजवळ जीत असते.

याहून डोळे उघडणारा पुरावा अनपेक्षित ठिकाणाहून आला. पार्किन्सनच्या आजारात मेंदूतल्या डोपामिन या रसायनासारखं काम करणारी काही औषधं देतात. ती सुरू झाल्यावर काही रुग्ण, ज्यांनी आयुष्यात कधी पैज लावली नव्हती असेही, जुगाराच्या आहारी गेले, आणि औषध कमी किंवा बंद केल्यावर त्यांच्यातल्या अनेकांचा जुगार थांबला. ‘संस्कार कमी पडले’ हे आपल्याकडचं लाडकं स्पष्टीकरण इथे चालत नाही.

मग आपला किंवा आपल्या माणसाचा खेळ हद्दीबाहेर गेला आहे हे ओळखायचं कसं? १९९७ मध्ये तयार झालेली एक चाचणी अवघ्या दोन प्रश्नांची आहे. लावायची रक्कम वाढवत न्यावीशी वाटली आहे का? आणि आपण किती खेळतो याबद्दल जवळच्या माणसांशी खोटं बोलावं लागलं आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल, तर नीट तपासणी करून घ्यावी. डॉक्टरांची सविस्तर यादी नऊ लक्षणांची आहे आणि त्यातली चार गेल्या बारा महिन्यांत दिसली तर निदान होतं. त्या यादीत हरलेले पैसे वसूल करायला दुसऱ्या दिवशी परत जाणं आहे, बंद करायचा प्रयत्न केल्यावर होणारी चिडचिड आहे, मन खचलं की खेळायला बसणं आहे, नोकरी किंवा नातं पणाला लागणं आहे. आणि एक कलम घरच्यांनी दोनदा वाचावं असं आहे: जुगारामुळे आलेल्या अडचणीतून सुटायला दुसऱ्यांनी दिलेल्या पैशांवर विसंबणं. मामांची मदत लक्षणांच्या यादीत बसते, उपायांच्या नव्हे.

कबुलीचं रूपांतर हिशेबात करण्याची रीत सर्वांत पद्धतशीरपणे घडवली ती जुगाऱ्यांनीच. ‘गॅम्बलर्स ॲनॉनिमस’ची पहिली बैठक लॉस एंजेलिसमध्ये १३ सप्टेंबर १९५७ रोजी झाली. वार शुक्रवार, तारीख तेरा, पाश्चात्त्यांच्या दृष्टीने महाअपशकुनी. नशिबावर आयुष्य उधळलेल्या माणसांनी हाच दिवस निवडावा यात थोडी खट्याळ मजा आहे. दारूसाठीच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या बारा पायऱ्याच त्यांनी आपल्यासाठी वळवून घेतल्या. तिथे फी नाही, आडनाव विचारत नाहीत, जुगार थांबवायची इच्छा एवढीच अट. त्यांची वीस प्रश्नांची यादी प्रसिद्ध आहे आणि सात किंवा अधिक उत्तरं ‘हो’ आली तर विचार करावा असं ते म्हणतात. कुटुंबीयांसाठी ‘गॅम-ॲनॉन’ हा वेगळा गट आहे.

पण त्यांच्या कामातला सर्वांत उपयोगी भाग कमी लोकांना माहीत असतो. सभासद काही काळ नियमित येऊ लागला, की त्याला आणि त्याच्या जोडीदाराला जुने सभासद एकत्र बसवतात. देणेकऱ्यांची पूर्ण यादी, दरमहा येणारे पैसे, घरखर्च हे सगळं लिहून काढलं जातं. घरखर्च आधी बाजूला काढतात, उरलेल्यातून प्रत्येकाला किती आणि किती वर्षं द्यायचं ते ठरतं, आणि देणेकऱ्यांशी तसं बोलायचं असतं. एकरकमी सुटका करून द्यायची नाही, हे त्यामागचं धोरण. हप्ता दर महिन्याला द्यावा लागतो आणि तो देताना प्रत्येक वेळी आठवण होते.

आपल्याकडे ही यादी करताना एक साधन फुकट हाताशी आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार सिबिलसारख्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा स्वतःचा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. बँका, वित्तकंपन्या, क्रेडिट कार्ड आणि नोंदणीकृत संस्थांमार्फत कर्ज देणारी ॲपं, या सगळ्यांची थकबाकी त्यात दिसते. ‘एवढंच आहे, आई’ असं सांगणाऱ्या मुलाशेजारी बसून तो अहवाल उघडला, तर बराच वाद वाचतो. अहवालात न दिसणारं वेगळं लिहावं लागतं: गावातला सावकार, ऑफिसमधले मित्र, पतपेढीत जामीन राहिलेला मेहुणा, सोनाराकडे गहाण टाकलेलं गंठण, भविष्यनिर्वाह निधीतून काढलेली रक्कम. ही यादी एका बैठकीत सहसा पुरी होत नाही. दोन-तीन दिवसांनी आणखी एक नाव आठवतं, म्हणजे सांगायचं धाडस होतं. त्या वेळी घरात आकांत झाला तर तिसरं नाव कायमचं आत राहतं. समुपदेशकाला सोबत घेऊन यादी करावी ती यासाठी.

कर्ज म्हटलं की भीती येते, आणि ती पुष्कळदा कायद्याच्या अज्ञानातून येते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करार निरर्थक असतो, म्हणून हरलेल्या पैजेचे पैसे बुकी कोर्टात जाऊन वसूल करू शकत नाही. जुन्या मुंबई प्रांतासाठी झालेला १८६५ चा कायदा त्याहून पुढे जातो आणि पैजेला जोडून झालेले करारही निरर्थक ठरवतो. बँकेचं किंवा ॲपचं वैयक्तिक कर्ज मात्र फेडावंच लागतं, ते कशात घालवलं हा त्यांचा प्रश्न नसतो. पण त्यांच्या वसुली एजंटांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, नातेवाइकांना छळायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बेकायदा कर्ज ॲपवाले फोटो विद्रूप करून पाठवायची धमकी देत असतील, तर सायबर गुन्ह्यांसाठीचा १९३० हा क्रमांक आहे. विनापरवाना सावकारी महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते, आणि सावकाराने बळकावलेली जमीन परत मिळवून देण्याची तरतूदही त्या कायद्यात आहे.

आणि पोलीस? ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, त्याने बंद केले. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा, पैसे वळते करणाऱ्या बँकांवरही बंधन. खेळणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही. मटक्याच्या किंवा पत्त्यांच्या अड्ड्यावर सापडलेल्याला १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून लागू आहे, तो वेगळा. पण दोन्ही बाबतींत डॉक्टरांना सांगितलेलं गुप्त राहतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला तो हक्क दिला आहे.

बंदीने भागलं असतं तर हा लेख इथेच संपवता आला असता. नामांकित ॲपांनी पैशांचे खेळ थांबवले, हे खरं आणि चांगलं झालं. परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या साइट, टेलिग्रामवरचे बुकी आणि मटका मात्र जागेवर आहेत. पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंत १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्यातल्या लोकांना प्रवेश बंद आहे. महाराष्ट्रातून आठवड्याच्या सुट्टीत गेलेल्या पाहुण्याला मात्र प्रवेश खुला आहे. शिवाय काही जण शेअर बाजाराच्या ‘एफ अँड ओ’त, म्हणजे फ्युचर्स आणि ऑप्शन्सच्या व्यवहारांत, सरकतात. तो कायद्याने जुगार नाही, आणि ज्याला त्यातलं कळतं त्याच्यासाठी तो व्यवहारही असेल. तरी सेबीच्या २०२४ च्या अभ्यासानुसार आधीच्या तीन आर्थिक वर्षांत तिथले ९३ टक्के वैयक्तिक व्यवहार करणारे तोट्यात गेले आणि त्यांचा एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून जास्त होता. रमी सोडून ‘ऑप्शन’ घेऊ लागलेला मुलगा घरी अभ्यासू वाटतो. सकाळी सव्वानऊला, बाजार उघडताना, त्याच्या हाताला सुटणारा कंप तोच असतो.

मदत मागायची सर्वांत सोपी जागा म्हणजे टेलिमानस. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली केंद्र सरकारची ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास आणि मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं. फोन घरच्यांनी केला तरी चालतो. जिल्हा रुग्णालयातला किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला मानसोपचार विभाग ही पुढची पायरी. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मोबाइल आणि ऑनलाइन खेळांच्या अतिवापरासाठी २०१४ पासून वेगळा दवाखाना चालतो. व्यसन म्हणजे आजार आणि त्यावर कुटुंबासकट उपचार करायचे, ही समज महाराष्ट्रात रुजवण्यात पुण्याच्या मुक्तांगणचा मोठा वाटा आहे. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं ते केंद्र मुख्यतः दारू आणि अमली पदार्थांसाठीचं. दारू सोडलेला माणूस मित्रांसमोर ‘मी मुक्तांगणला जाऊन आलोय’ असं आता बऱ्यापैकी मोकळेपणाने म्हणतो. जुगार सोडलेला माणूस अजून तसं म्हणत नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होतं, याबद्दल लोकांच्या मनात विजेच्या झटक्यांपासून काहीही असतं. प्रत्यक्षात बहुतेक काम बोलण्याचं असतं. कधी खेळावंसं वाटतं, पगाराच्या दिवशी की भांडणानंतर, याची नोंद ठेवायला सांगतात. ‘पाच वेळा हरलो, आता सहावी माझीच’ यांसारख्या समजुती उलगडून तपासतात. नैराश्य किंवा दारू सोबत असेल तर त्याचेही उपचार सुरू करतात. दारूच्या व्यसनात वापरलं जाणारं नाल्ट्रेक्झोन हे औषध काहींना उपयोगी पडतं, ते डॉक्टरांनी ठरवायचं. जोडीला पैशांभोवती कुंपण घालतात. पगार जोडीदाराच्या खात्यावर वळवायचा, क्रेडिट कार्ड बंद करायचं, यूपीआयची रोजची मर्यादा दोन-तीनशे रुपयांवर आणायची, खात्याचे संदेश दोघांच्याही मोबाइलवर येतील असं करायचं. कमावत्या पुरुषाला रोज बायकोकडून बसभाडं मागणं जड जातं. पण इच्छा उसळते ती काही मिनिटांसाठी, आणि तेवढ्या वेळात हाताशी पैसे नसणं फार मोलाचं असतं.

एक धोका मोकळेपणी बोलायला हवा. स्वीडनमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुगाराच्या विकाराचं निदान झालेल्यांमध्ये आत्महत्येने होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येच्या सुमारे १५ पट आढळलं. सगळं उघड होण्याच्या आधीचे आणि लगेच नंतरचे दिवस विशेष नाजूक असतात. ‘मी नसलो तर सगळे सुटतील’, ‘विम्याचे पैसे तरी येतील’ अशी भाषा कानावर आली, तर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. हिशेब नंतर करता येतो.

कबुली एकदा दिली की संपलं, असंही होत नाही. रशियन कादंबरीकार फ्योदोर दोस्तोयव्हस्कीइतकी वारंवार आणि कळवळून कबुली क्वचितच कुणी दिली असेल. १८६६ मध्ये प्रकाशकाशी केलेल्या जाचक कराराच्या धास्तीने त्याने ‘द गॅम्बलर’ ही कादंबरी २६ दिवसांत सांगून लिहून घेतली. ती लघुलिपीत उतरवणारी तरुणी, ॲना, पुढच्याच वर्षी त्याची बायको झाली. जुगाराचं वेड इतकं नेमकं लिहिलेला हा माणूस लग्नाच्याच वर्षी जर्मनीतल्या बाडेन-बाडेनला रूलेटवर लग्नाच्या अंगठ्या गहाण टाकत होता. हरला की ॲनाला पत्र लिहायचा, स्वतःला दूषणं द्यायचा, पैसे मागायचा, पुन्हा खेळायचा. एप्रिल १८७१ मध्ये वीसबाडेनहून त्याने असंच आणखी एक पत्र लिहिलं. त्यातही तीच शपथ होती. ॲनाने त्यावर लगेच विश्वास ठेवला नाही, आणि का ठेवावा? पण त्यानंतर १८८१ मध्ये मरेपर्यंत तो जुगार खेळला नाही. १८७२ च्या अखेरीस जर्मनीतली जुगारगृहंच बंद झाली, याचीही त्याला मदत झाली असणार. चरित्रकार हा मुद्दा ओझरता सांगतात, पण तो तितका ओझरता नाही.

त्या शेवटच्या पत्रात आधीच्या पत्रांपेक्षा वेगळं काय होतं, यावर बरंच लिहिलं गेलं आहे. उपचार करणाऱ्यांना त्यापेक्षा आधीची सगळी पत्रं महत्त्वाची वाटतात. मोडलेली शपथ म्हणजे उपचार फसले, असं ते धरत नाहीत. पुन्हा खेळलास, तर किती लावले, कुठून आणले आणि घरी सांगितलंस का, एवढं विचारतात. चोवीस तासांत स्वतःहून सांगितलेले दोन हजार आणि सहा महिन्यांनी सापडलेले दोन लाख, यांत त्यांच्या दृष्टीने फार अंतर असतं.

बाहेर पडायच्या टप्प्यावर घरात एक नवं भांडण सुरू होतं, ते एटीएम कार्ड परत कधी द्यायचं याचं. निदानपुस्तिकेच्या भाषेत तीन महिने लक्षणं दिसली नाहीत तर सुरुवातीची सुधारणा आणि बारा महिने दिसली नाहीत तर टिकलेली सुधारणा. पण पुस्तिका कार्डाबद्दल काही सांगत नाही. त्यामुळे आधी आठवड्याचा खर्च हाती द्यायचा, मग वीजबिल आणि किराणा, असं पायरीपायरीने जाणं बरं पडतं, आणि आयपीएलच्या महिन्यांत एक पायरी मागे येणंही. कर्ज तर त्याहून लांब चालतं. सहा लाख रुपये महिना दहा हजारांनी फेडायचे म्हटले, तर व्याज सोडूनही पाच वर्षं लागतात.